सतरा नंबरचं घरटं

"उचला की ओ काका, मुहूर्त बघताय काय?"

मोहिते भाऊसाहेब ओरडले आणि मागचे सगळे हसले. मीपण हसलो. हसणं भागच होतं, कारण ती सगळी मंडळी माझी होती. कराडहून मिनीबसनं आणलेली, बावीस माणसं. भाऊसाहेब साखर कारखान्यातनं रिटायर झालेले. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा त्यांचा एक ग्रुप होता आणि ग्रुपात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

केतकदुर्गच्या किनाऱ्यावर आम्ही दोरीला टेकून उभे होतो. दोरीच्या पलीकडं जाळीचं कुंपण, आत ओळीनं पालथ्या घातलेल्या टोपल्या. प्रत्येक टोपलीखाली एक घरटं आणि शेजारी नंबराची पाटी. कासवीण रात्री किनाऱ्यावर कुठंपण अंडी घालून जाते. गावातली माणसं ती उचलून कुंपणात आणतात आणि तसाच खड्डा करून पुरतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात आणि टोपलीखाली अडकून राहतात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपल्या उचलायच्या आणि जी आली असतील ती समुद्रात सोडायची. तेवढं बघायला लांबलांबून लोक येतात.

टोपल्या उचलायचं काम धर्माकाकांचं. धर्मा खोपटकर. साठीच्या पुढचे, काटक, पांढरा शर्ट. कुणी ओरडलं म्हणून ते घाई करत नव्हते. एक टोपली उचलायची, खाली बघायचं, परत ठेवायची. दुसरी. तिसरी. शेवटच्या टोपलीवरनं उठून त्यांनी गुडघ्याची वाळू झटकली.

"आज काय नाय. उद्या सकाळी बघू."

"म्हणजे?" भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "रणज्या, तू तर शंभर टक्के लिहिलंतंस."

लिहिलं होतं. ग्रुपवर पाठवलेल्या मेसेजमध्ये. 'ऐतिहासिक जलदुर्ग, डॉल्फिन दर्शन, आणि कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघा, शंभर टक्के.' ते शंभर टक्के कुठनं आलं माझं मला ठाऊक नाही. दुसऱ्यांच्या जाहिरातीत बघितलेलं. सात वर्षं झाली आता या ट्रिपला. तेव्हा मी तेवीसचा होतो, बारावी नापास. तीन वर्षं एका टूरवाल्याच्या गाडीवर क्लीनर होतो. तिथंच बघून बघून शिकलो. रूम कशा ठरवायच्या, जेवणाचं कसं बोलायचं, म्हाताऱ्या माणसांना खिडकी कशी द्यायची. स्वतःच्या नावावर काढलेली ही पहिली ट्रिप.

"उद्या सकाळी नक्की," मी म्हणालो.

उद्या सकाळीपण काही नाही.

मग नाश्ता करून होडीनं डॉल्फिन बघायला गेलो. वारा सुटलेला. होडीवाला दर पाच मिनिटांनी "तो बघा, तो बघा" करायचा आणि सगळे एका बाजूला झुकायचे. दिसायचा नुसता फेस. मोहिते काकूंना उलट्या सुरू झाल्या. लाटांमुळं किल्ल्याला होडी लागेना, म्हणून तट लांबूनच बघितला आणि परत फिरलो.

किनाऱ्यावर उतरल्यावर भाऊसाहेबांनी पँटचे पाय पिळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किल्ला लांबनं, डॉल्फिन नुसता कानानं आणि कासव टोपलीखालनं. रणज्या, आम्ही डोळे झाकून आलो असतो तरी चाललं असतं की रे."

सगळे खदखदून हसले. एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या, पोरगं नवीन आहे." ते मला जास्त लागलं.

मग भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात टाकून. "हे बघ. मे महिन्यात रामेश्वर करायचं चाललंय. पन्नास माणसं. चार जण दुसऱ्याचं नाव घेत होते, मी तुझं घेतलंय. आता मला चारचौघांत तोंड राहील असं कर."

"संध्याकाळी दिसणार, भाऊसाहेब."

"उद्या पहाटे निघायचंय आपल्याला. पुतण्याच्या साखरपुड्याला पोचायचंय. म्हणजे आजची संध्याकाळ शेवटची. कळलं का?"

कळलं होतं.

दुपारी वनितावहिनींच्या घरी माशाचं जेवण झालं. आमचा मुक्काम तिथंच होता. वहिनींचा नवरा गुजरातकडं बोटीवर, वर्षातनं दोनदा घरी. कासवांच्या हंगामात पाहुणे ठेवायचे, त्यांना करून वाढायचं, हे सगळं त्या एकट्या बघायच्या. जेवून सगळी आडवी झाली. मला काही झोप येईना. मी किनाऱ्यावर गेलो.

धर्माकाका कुंपणाशेजारी झावळ्यांच्या सावलीत बसले होते. मी जाऊन शेजारी टेकलो.

"काका, आज तरी येतील का?"

"त्यांनाच विचारायला पायजे."

"तसं नव्हं, अंदाज काय तुमचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठले, कुंपणाचं दार उघडलं आणि मला आत यायची खूण केली. "चपला काढ."

सतरा नंबरच्या पाटीपुढं ते गुडघ्यावर बसले. टोपली उचलली. खाली नुसती वाळू.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघ. मधे बसलीय बघ वाळू. बशीसारखी."

खरंच होतं. हाताच्या पंजाएवढी जागा जराशी खाली दबलेली.

"अंडी फुटली की खाली पोकळी होते, म्हणून वरची वाळू बसते. काल दुपारपासनं बसलीय. म्हणजे पिल्लं हायत खाली. जिवंत हायत. पण लगेच वर येत नाय ती. दोन-तीन दिवस थांबतात, दम खातात. मंग सगळी एकमेकाला ढकलत एकदम वर."

"मग आपणच काढायची ना वर. बाहेर आलीत म्हणजे झालं की."

काका हसले. त्यांना खरंच गंमत वाटली. "बाळंतपणात घाई करतात काय रे? लग्न झालंय का तुझं?"

"नाही अजून."

"वाटलंच."

बाहेर आलो. बरंच काय काय सांगत बसले. लहानपणी ते स्वतः कासवाची अंडी काढून खायचे, गावातले सगळेच खायचे. चौदा वर्षांपूर्वी गावानं ठरवलं की आता राखायची, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं. "चोरानंच राखणीला बसायचं. त्याला वाटा ठाऊक असतात." बोलता बोलता ऊन उतरलं. पाच वाजले तसे ते उठले.

"तू हायस ना इथं? बस जरा. कावळे नि कुत्री तेवढी बघ. मी आंघोळ करून येतो."

"आता? संध्याकाळची आंघोळ?"

"टोपली उचलायच्या आधी करतो मी, दोन्ही टायमाला. बाळंतिणीच्या खोलीत पारोशानं जाऊ नये." त्यांनी हातातली काठी माझ्याकडं दिली. "दुसऱ्या कुणाला बसवत नाय मी. पण तू घरचा पाहुणा. वनिता माझी सूनच हाय."

आणि गेले.

मी दहा मिनिटं बसलो असेन. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. एक कुत्रं आलं, त्याला काठी दाखवून हाकललं. मग मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सहा वाजता काका टोपल्या उचलणार, खाली काही नसणार, आणि भाऊसाहेब काय बोलणार. ते बोलणंसुद्धा ऐकू आलं मला. आणि पिल्लं तर होती. चार हातांवर होती, जिवंत होती. आज काय आणि परवा काय.

मी आत गेलो. चपला काढल्या, तेवढं मात्र आठवलं.

वाळू वरनं गरम होती, खाली थंड. मनगट गेलं, मग कोपर गेलं, आणि बोटांना काहीतरी वळवळलेलं लागलं. मी हात एकदम मागं घेतला. मग परत घातला. एक-एक काढून वर ठेवायला लागलो. काळपट, काडेपेटीपेक्षा लहान, डोळे वाळूनं भरलेले. किती काढली मोजली नाहीत. तीस-पस्तीस असतील. काही पाय हलवत होती, काही नुसतीच पडून होती. बऱ्याच जणांच्या पोटाला पिवळं पिवळं काहीतरी चिकटलेलं. अंड्यातलं काहीतरी लागून आलं असणार असं मला वाटलं. म्हणून ते मी पुसलं. शर्टाच्या टोकानं. ज्याचं पुसून जाईना त्याचं बोटानं ओढून काढलं. चांगली दिसावीत म्हणून.

खड्डा बुजवला, वरची वाळू हातानं सारखी केली, पिल्लं वर ठेवली, टोपली पालथी घातली. बाहेर येऊन काठी घेऊन बसलो. काका आले तेव्हा केस ओले होते, शर्ट इस्त्रीचा.

"आलं काय कुत्रं?"

"एक आलतं. हाकललं."

"शाब्बास."

सहाला सगळी जमली. आमची बावीस, आणि पुण्याकडची आणखी तीस-चाळीस माणसं. वनखात्याचा एक तरुण गार्ड रोज संध्याकाळी हजर असायचा, तोही आला. काकांनी एक नंबरपासनं सुरुवात केली. मी भाऊसाहेबांच्या शेजारी उभा होतो.

सतरा.

टोपली उचलली आणि पुढच्या ओळीतली पोरं किंचाळली. "आली! आली!" टाळ्या, शिट्ट्या, मोबाईल वर. भाऊसाहेबांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी दोरीवर गेलो. "रणज्या! लेका, मानलं!"

काकासुद्धा हसले होते. ते मी बघितलं. नातवंड झाल्यावर माणूस हसतो तसे. मग त्यांनी एक पिल्लू उचललं आणि उलटं केलं. दुसरं उचललं, उलटं केलं. तिसरं. हसू गेलं.

त्यांनी सगळी पिल्लं हळूहळू परत सावलीत, टोपलीखाली घेतली. लोकांना वाटलं आता सोडायला नेणार. समुद्रापर्यंतची वाट मोकळी करून सगळे दोन बाजूंना उभे राहिले होते.

"ही सोडायची नाय," काका म्हणाले.

"का?" भाऊसाहेब ओरडले. "आता आणि काय झालं?"

"शिदोरी संपली नाय त्यांची." ते सगळ्यांना नव्हे, आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत होते. "पोटाला पिवळा बलक असतो. तो खाली बसून जिरवतात, मग वर येतात. त्याच्यावरच पोहतात पुढचे दिवस. कुणाचा अर्धा हाय अजून. आणि कुणाचा ओढून काढलाय."

गार्ड पुढं आला. त्यानं खाली बसून वाळूला हात लावला. वरची वाळू ओली होती. खालची वर आलेली.

"हे उकरलंय कुणीतरी," तो म्हणाला. "काका, कुणी उकरलं हे?"

काकांनी मान वर केली. त्यांनी भाऊसाहेबांकडं बघितलं नाही, गर्दीकडं बघितलं नाही. सरळ माझ्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत वाळू सुकून पांढरी झाली होती, ती धुवायची मला आठवणच राहिली नव्हती. मी हात मागं घेतले.

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही?" गार्डचा विश्वास बसेना. "काका, तुम्ही?"

"दोन दिवस थांबलेत पाहुणे. बोललो, बघून जाऊदेत."

त्या वेळी तोंड उघडायला किती वेळ लागला असता? नाव माझं सांगायचं, बास. मी समुद्राकडं बघत उभा राहिलो.

आणि भाऊसाहेबांनी मोबाईल समोर धरला. व्हिडिओ चालू केला. आवाज बदलून, भाषणासारखं. "बघा मित्रांनो. पर्यटकांकडून वाहवा मिळावी म्हणून मुक्या जिवांशी काय खेळ चाललाय बघा. हा माणूस राखणदार आहे. राखणदार!" आणि मोबाईल काकांच्या तोंडाजवळ नेला. काका घमेल्यात ओली वाळू भरत होते. पिल्लं एक-एक करून त्यात ठेवत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

रात्री वहिनींनी वाढलं. माझ्या ताटात भात जास्तच वाढला. पोरगं दिवसभर दमलंय, असं म्हणाल्या.

पहाटे बस निघाली. थोडा वेळ सगळे झोपेत होते. मग उजाडलं तसा विषय निघाला. कुणी म्हणालं गरीब माणूस, कुणी म्हणालं गरीब कसला. भाऊसाहेब पुढच्या सीटवरनं मागं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, हपापलेला असतोय असला माणूस. चार टाळ्या मिळाल्या की झालं. म्हाताऱ्याला चमकायचं होतं. काय रणज्या?"

मी काहीतरी उत्तर दिलं. बस घाट चढायला लागली. मे महिन्यात मी पन्नास माणसं घेऊन रामेश्वरला गेलो.

पुढच्या मार्चमध्ये मी एकटाच, मोटारसायकलवरनं केतकदुर्गला गेलो. कुणाला न सांगता. वहिनी अंगणात मासे साफ करत होत्या.

"अगो बाई, भाऊ! एकटेच? ग्रुप कुठाय?"

"ग्रुप नाही. काका कुठं आहेत?"

"असतील बंदरावर. आता तिथंच बसतात." एवढंच म्हणाल्या आणि परत मासे साफ करायला लागल्या.

काका एका ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. मला ओळखलं. बस म्हणाले नाहीत, पण शेजारचा जाळ्याचा ढीग सरकवला. मी बसलो.

"किती जगली?" मी विचारलं.

"तेहतीसातली बारा."

मी वर्षभर पाठ केलेलं होतं, त्यातलं एकपण वाक्य आठवेना. शेवटी म्हणालो, "काका, तुम्ही मला वाचवलंत. मी आलोय ते..."

"तुला?" काकांनी मान वर केली. त्यांना खरोखरच नवल वाटलं. "तुला कशाला वाचवू? तू कोण माझा?"

मी जाळ्याच्या ढिगातलं एक टोक उचललं.

"कासवं राखायला गावानं मंडळ केलंय, त्याचा कायदा हाय," ते म्हणाले. "ज्याच्या घरचा पाहुणा चुकला, त्याचं घर बंद. तीन हंगाम. एकपण पाहुणा मिळत नाय. म्हणून तर लोकं आपापल्या पाहुण्यांवर नजर ठेवतात. तू कुणाच्या घरचा? वनिताच्या. तुझं नाव सांगितलं असतं, तर तिनं तीन वर्षं काय करायचं?" त्यांनी सुईनं गाठ ओढली. "माझं काय, मला काढलं. एक माणूस गेला. घर तर चालू राहिलं."

वर्षभर मी काय काय समजून बसलो होतो. म्हातारा मोठ्या मनाचा, त्याला माझी कीव आली, पोरगं म्हणून पोटात घातलं. ते आठवून मी काही वेळा रडलोही होतो. आणि त्यांच्या हिशोबात मी नव्हतोच.

"मी मंडळाला सांगतो आता. खरं काय ते."

"सांग की. अध्यक्ष तो बघ, लाल टोपीवाला, बर्फ फोडतोय. जा." मी उठेना तसे म्हणाले, "सांगितलंस की वनिताचं घर बंद आणि मी खोटारडा. तेवढं सोडलं तर बाकी तुझं चांगलंच होईल. हलका होशील."

मी बसून राहिलो. होडीच्या सावलीला मांजरं आली, माशाचा वास घेऊन गेली.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "परत जाताना बसमध्ये मोहिते म्हणाले, हा म्हातारा हपापलेला आहे, त्याला टाळ्या पाहिजे होत्या. मला विचारलं, काय रे. मी 'हो ना' म्हणालो."

काकांचा हात पहिल्यांदा थांबला.

"पिल्लं काढलीस ती तू घाबरून काढलीस," ते म्हणाले. "मला कळतं ते. गप्प राहिलास, तेपण कळतं. पण ह्याची काय गरज होती रे?"

त्यांनी रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. उत्तर माझ्याजवळ असेल असं त्यांना वाटत होतं.

मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "त्या माणसानं मोबाईलवर काढलेलं ना, ते फिरत फिरत वेरावळला गेलं. माझा मुलगा तिथं बोटीवर हाय. खलाशी एकमेकांना दाखवत होते. त्यानं ओळखलं. त्यानं फोन केला, बोलला, 'बाबा, हे तुम्ही केलंत?' " काकांनी बोटाला अडकलेला धागा सोडवला. "आता फोनवर काय सांगायचं? शेजारी चार माणसं ऐकत असणार, त्यातली दोन आमच्याच गावची. मी हो बोललो. त्या दिवसापासनं तो माझ्याशी बोलत नाय, घरी आला तरी समोर बसत नाय. वनिताला फोन करतो, तिलाच विचारतो बाबा कसे हायत."

मी मान खाली घातली.

"इथं कुणाला सांगू नको," ते म्हणाले. "तुझ्या गावात सांग. त्या मोबाईलवाल्याला सांग. त्याला बोल, त्या बाबानं केलं नव्हतं. मी केलं. परत एक तसंच काढ बोल त्याला, नाव नको कुणाचं, गाव नको. नुसतं एवढंच, की राखणदारानं केलं नव्हतं. फिरत फिरत जाईल कधीतरी वेरावळला. जाईल ना?"

"जाईल," मी म्हणालो.

"मंग ते कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कराडात प्रीतिसंगमाच्या बागेत गेलो. ग्रुप फेऱ्या मारून बाकांवर बसला होता. भाऊसाहेब मफलर सोडत होते. मी समोर उभा राहिलो आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. सगळं. कुत्रं हाकलल्यापासनं शर्टाच्या टोकापर्यंत. ते ऐकत होते, तोंड थोडं उघडं.

मी थांबलो. नदीकडनं कुणीतरी पोहणारे ओरडत होते.

आणि भाऊसाहेब हसायला लागले. आधी नाकातनं, मग पोट धरून. "अरे लेका! तू होय? तू काढलीस?" मांडीवर थाप मारली. "ओ कदम, ओ शिंदे, इकडं या! ऐकलं का? ती कासवं आपल्या रणज्यानं काढलीती! कोपरापर्यंत हात घालून! आपल्यासाठी!"

सगळे जमले. "खरं काय?" "आयला, भारीच की!" एकजण म्हणाला, "तरीच म्हटलं, नेमकी आपल्याच वेळेला कशी आली."

"भाऊसाहेब, त्या काकांवर आळ आला. त्यांना काढलं कामावरनं. तुमचा तो व्हिडिओ..."

"कुठला व्हिडिओ? हां, तो. मोबाईल बदलला की रे मी दिवाळीत."

"नवीन एक काढूया. मी बोलतो. तुम्ही फक्त पाठवा, तुमच्या ग्रुपवरनं गेला तर लांबपर्यंत जाईल."

"येडा आहेस काय?" त्यांनी मला हाताला धरून बाकावर बसवलं. आवाज एकदम मायेचा. "स्वतःच्या तोंडानं सांगणार, मी पिल्लं मारली म्हणून? उद्या तुझ्या गाडीत कोण बसंल? म्हातारा काय आपल्या पै-पाहुण्यातला आहे? जाऊ दे. विसर." मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "पण माणूस कामाचा आहे. मी म्हणालोतो का नाही? गिऱ्हाइकाला शब्द दिला म्हणजे दिला. असा टूरवाला शोधून सापडायचा नाही."

माना हलल्या. कुणीतरी चहा सांगितला. कदमांनी माझी पाठ थोपटली. कुणी चिडलं असतं, कुणी शी म्हटलं असतं, तर मी तो व्हिडिओ एकट्यानं काढला असता असं मला वाटतं. वाटतं फक्त. मोबाईल खिशातच होता माझ्या.

चहा आला. भाऊसाहेबांनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि म्हणाले, "बरं, आता यंदाचं बोल. काशीचं सगळ्यांच्या मनात आहे. अयोध्या धरून किती दिवस लागतील?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"अकरा," मी म्हणालो. "अकरा दिवसांत आरामात होईल."